गणिताची पहिली ओळ सुचत नाही, तेव्हा काय करावे?

डिप्लोमा पूर्ण करून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत काम करणाऱ्या आणि आता थेट दुसऱ्या वर्षात अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घेतलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, वर्गात फळ्यावर सोडवलेले उदाहरण पूर्ण समजते, मोबाइलवरील ॲपने दाखवलेल्या पायऱ्याही पटतात, पण त्याच धर्तीचे दुसरे उदाहरण घेऊन घरी बसले की पहिली ओळ काय लिहावी हेच सुचत नाही. मग सगळी सूत्रे पुन्हा पाठ करावीत का, आणि सुरुवात बीजगणितापासून करावी की सरळ इंटिग्रेशनपासून?

मी कोल्हापुरात बारावीच्या आणि अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांतील मुलांना गणित शिकवतो. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येतो, आणि तो विचारणारे बहुतेक जण स्वतःला विसरभोळे किंवा मंद समजत असतात. तुमची अडचण मात्र स्मरणशक्तीची नाही. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण वाचताना आपल्याला प्रत्येक पायरी फक्त तपासायची असते. स्वतः सोडवताना ती अनेक शक्य पायऱ्यांमधून निवडायची असते, आणि तपासण्याचा कितीही सराव केला तरी त्यातून निवडण्याची सवय आपोआप तयार होत नाही. शिक्षक फळ्यावर पहिली ओळ लिहितात त्याआधीच त्यांचा निर्णय झालेला असतो. तो निर्णय फळ्यावर कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून तुमच्या वहीतही तो उतरत नाही. ॲपमध्येही हेच घडते. तिथे पायरीचे नाव दिसते, पण हीच पायरी का आणि दुसरी का नाही, हे क्वचितच कळते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. अभ्यास सुटून किती वर्षे झाली, दिवसपाळी करून संध्याकाळी किती वेळ उरतो आणि पुढची परीक्षा लेखी आहे की पर्याय निवडण्याची, यानुसार सरावाचे प्रमाण बदलेल. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अपूर्णांक आणि चिन्हे यांवर तुमचा हात किती बसलेला आहे. हे तपासण्यासाठी मी नव्या विद्यार्थ्याला तीन छोटे प्रश्न देतो: √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ असते का, १/(अ + ब) म्हणजे १/अ + १/ब असते का, आणि (क्ष² + ५)/क्ष यातील क्ष वरून आणि खालून उडवता येतो का. तिन्हींचे उत्तर नाही असे आहे, आणि ते पाठांतराने नव्हे, तर एखादी संख्या घालून ठरवावे. पहिल्यात क्ष = ४ घाला: डावीकडे √२५ म्हणजे ५ येतात, उजवीकडे ७. एका संख्येने समानता सिद्ध होत नाही, पण खोटी मात्र नक्की ठरते. या तिन्हींपैकी एखाद्या ठिकाणी तुम्ही क्षणभरही अडखळलात तर बीजगणितापासूनच सुरुवात करा, कारण कॅल्क्युलसच्या उत्तरपत्रिकांत मी ज्या चुकांना लाल खूण करतो, त्यांतील बहुतांश कॅल्क्युलसच्या नसतातच. डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) बरोबर काढलेला असतो आणि पुढच्या ओळीत कंस सोडवताना वजाचे चिन्ह हरवलेले असते.

आता मूळ मुद्दा. उदाहरण समोर आले की सूत्र शोधण्याआधी समोरची राशी वाचावी, आणि वाचताना एकच प्रश्न विचारावा: क्ष ला एखादी किंमत देऊन ही राशी कॅल्क्युलेटरवर काढायची ठरवली, तर सगळ्यात शेवटी कोणती क्रिया करावी लागेल? (३क्ष − ४)/५ = ७ हे समीकरण घ्या. क्ष ची किंमत माहीत असती, तर आधी ३ ने गुणले असते, मग ४ वजा केले असते आणि शेवटी ५ ने भागले असते. सोडवताना हा क्रम उलटा होतो. तुम्ही रोज यंत्रे उघडता, त्यामुळे हे वेगळे समजावण्याची गरज नाही: जो भाग शेवटी बसवला तोच आधी सुटतो. म्हणून पहिल्यांदा दोन्ही बाजूंना ५ ने गुणून ३क्ष − ४ = ३५, मग ४ मिळवून ३क्ष = ३९, आणि शेवटी ३ ने भागून क्ष = १३.

एवढ्या सोप्या उदाहरणासाठी इतके शब्द का खर्च करायचे, असे वाटेल. पण ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा शाळेत शिकलेला एकच नियम घेऊन पुढे आलेला विद्यार्थी −३क्ष = १२ इथे ३ चे वजा चिन्ह बदलून क्ष = ४ लिहितो. पलीकडे काहीही जात नसते; दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली जाते, आणि इथे ती क्रिया −३ ने भागण्याची आहे, म्हणून उत्तर −४ येते. पक्षांतर हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, पण निदान पहिले दोन आठवडे प्रत्येक ओळीच्या उजवीकडे दोन्ही बाजूंवर काय केले ते शब्दांत लिहा. वेळ जातो, वही भरते, परंतु निवडण्याची सवय लागते ती इथेच.

क्रिया दोन्ही बाजूंवर केली म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असेही नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. काही पायऱ्या अशा असतात की त्यांवरून मागे परतता येते. मिळवणे, वजा करणे, शून्य नसलेल्या संख्येने गुणणे किंवा भागणे या त्या पायऱ्या. काही पायऱ्या मात्र एकेरी असतात. क्ष² = ५क्ष हे समीकरण पाहताच दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहिण्याचा मोह होतो, पण तसे करताना क्ष = ० हे उत्तर नाहीसे होते, कारण क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. त्याऐवजी क्ष² − ५क्ष = ० असे लिहून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडले, तर दोन्ही उत्तरे हाती राहतात. उलट दिशेची अडचण वर्ग करताना येते. √(क्ष + ७) = क्ष − ५ या समीकरणात वर्गमूळ घालवण्यासाठी वर्ग करावाच लागतो: क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे क्ष² − ११क्ष + १८ = ०, म्हणजे (क्ष − ९)(क्ष − २) = ०. आता मूळ समीकरणात परत जा. क्ष = ९ घातल्यास दोन्ही बाजू ४ येतात. क्ष = २ घातल्यास डावी बाजू ३ आणि उजवी −३ येते, म्हणून ते उत्तर टाकून द्यावे लागते. आकडेमोडीत कुठेही चूक नव्हती. ३ आणि −३ यांचे वर्ग सारखेच असल्यामुळे वर्ग करण्याच्या पायरीनेच ते जादा उत्तर आत आले. तेव्हा चल असलेल्या राशीने भागताना काही हरवते आहे का, आणि वर्ग करताना काही वाढते आहे का, एवढे दोन प्रश्न त्या त्या जागी समासात लिहून ठेवावेत. वर्ग केला असेल तर उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहणे ऐच्छिक नसते. तो उत्तराचाच भाग असतो.

वर्गसमीकरणात आणखी एक गोष्ट घडते. ३क्ष² − ७क्ष + २ = ० इथे शेवटची क्रिया उलटवत जाण्याची पद्धत चालत नाही, कारण क्ष दोन ठिकाणी आहे; एका ठिकाणचा मोकळा करायला गेलो की दुसरा आड येतो. म्हणून कोणत्याही वर्गसमीकरणाचा खरा प्रश्न असा असतो की, क्ष एकाच ठिकाणी कसा आणायचा, किंवा एकच कठीण समीकरण दोन सोप्या समीकरणांत कसे वाटायचे. अवयव पाडणे हा दुसरा मार्ग. पूर्ण वर्ग करणे हा पहिला. पूर्ण वर्गाची जी रीत मला सर्वांत स्वच्छ वाटते ती श्रीधराचार्यांची आहे, आणि भास्कराचार्यांनी ती १२ व्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांच्या नावानिशी दिली आहे. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने आधी सगळे समीकरण गुणायचे आणि मग दोन्ही बाजूंत मूळ समीकरणातील क्ष च्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. इथे चौपट १२ आहे, म्हणून ३६क्ष² − ८४क्ष = −२४; दोन्ही बाजूंत ४९ मिळवले की ३६क्ष² − ८४क्ष + ४९ = २५, म्हणजेच (६क्ष − ७)² = २५. आता क्ष एकाच ठिकाणी आहे. पुढे ६क्ष − ७ = ५ किंवा ६क्ष − ७ = −५, म्हणून क्ष = २ किंवा क्ष = १/३. ३ ने भागून पूर्ण वर्ग करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ७/६ चा वर्ग वगैरे अपूर्णांक शिरतात आणि तिथेच हात घसरतो. या रीतीत शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक येतच नाहीत. शाळेत पाठ केलेले वर्गसमीकरणाचे सूत्र अक्षरांत हीच रीत केली की चार ओळींत मिळते. ते एकदा स्वतः काढून पाहा, म्हणजे विवेचक, म्हणजे सूत्रातील वर्गमुळाखालची राशी, ऋण असताना वास्तव मुळे का मिळत नाहीत हे वेगळे लक्षात ठेवावे लागणार नाही: कोणत्याही वास्तव राशीचा वर्ग ऋण नसतो, इतकेच त्याचे कारण आहे.

लिमिटबद्दल फार लिहीत नाही. किंमत घालून ०/० आले, तर तो निकाल नसून अजून काम बाकी असल्याची सूचना असते. क्ष ३ कडे जात असताना (क्ष² − ९)/(क्ष − ३) याचे अवयव पाडून क्ष − ३ उडवता येतो, कारण क्ष ३ च्या जवळ जातो, ३ होत नाही. उरलेल्या क्ष + ३ वरून उत्तर ६ मिळते. तुमच्या अभ्यासक्रमात लिमिट पुढे येईल तेव्हा एवढे कारण हाताशी असले तरी पुरते.

डेरिव्हेटिव्हमध्ये ‘शेवटची क्रिया कोणती’ हा प्रश्न थेट नियमच हातात देतो. (३क्ष² + १)⁵ मध्ये कॅल्क्युलेटरवर शेवटी पाचवा घात घ्यावा लागेल, म्हणून सुरुवात घाताच्या नियमाने आणि मग आतल्या राशीचा डेरिव्हेटिव्ह: ५(३क्ष² + १)⁴ × ६क्ष, म्हणजे ३०क्ष(३क्ष² + १)⁴. याउलट क्ष² × साइन ३क्ष मध्ये शेवटी गुणाकार होतो, म्हणून सुरुवात गुणाकाराच्या नियमाने झाली पाहिजे. साइन ३क्ष साठी साखळी नियम, म्हणजे आधी बाहेरचा आणि मग आतल्या राशीचा डेरिव्हेटिव्ह, लागेल, पण तो दुसऱ्या पदापर्यंत पोहोचल्यावर. उत्तर २क्ष साइन ३क्ष + ३क्ष² कॉस ३क्ष. वर्गात जे गोंधळतात ते नियम न येण्यामुळे नव्हे, तर कोणता नियम बाहेरचा आणि कोणता आतला हे न ठरवताच लिहायला लागल्यामुळे. म्हणून माझा आग्रह असतो की पेन टेकवण्याआधी ‘बाहेर गुणाकार, दुसऱ्या पदात साखळी’ इतके शब्द लिहावेत. आणखी एक गोष्ट, जी सांगूनही मुले करत नाहीत: आधी सोपे रूप द्यावे. (क्ष³ + ४क्ष²)/क्ष दिसल्यावर भागाकाराचा नियम लावून अर्धे पान भरण्यापेक्षा, क्ष शून्य नाही हे नोंदवून क्ष² + ४क्ष लिहावे आणि एका ओळीत २क्ष + ४ मिळवावे.

नियम आले तरी नेमके विचारले काय, हे हरवू शकते, आणि शाब्दिक उदाहरणांत गुण जातात ते बहुधा तिथेच. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घेऊ. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी रोज पाहिली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाऊस लागला की आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो: पाणी किती फुटांवर आहे, आणि तासाला किती चढते आहे. पहिला प्रश्न फंक्शनचा आहे, दुसरा त्याच्या डेरिव्हेटिव्हचा. उदाहरणापुरते असे धरू की त तासांनंतरची पातळी ३६ + त/२ − त²/४८ फूट आहे. मग चढण्याचा वेग १/२ − त/२४ फूट प्रतितास. सहाव्या तासाला पातळी ३८.२५ फूट आहे आणि वेग तासाला पाव फूट. म्हणजे पाणी अजून चढते आहे, पण सुरुवातीच्या निम्म्या वेगाने. ‘वेग कमी होतो आहे’ आणि ‘पाणी उतरते आहे’ या दोन विधानांची गल्लत ज्याची होत नाही, त्याला दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा अर्थ अर्धा समजलेलाच आहे. वेग शून्य होतो तो त = १२ ला. अनेक विद्यार्थी इथेच ‘उत्तर १२’ लिहून थांबतात, पण प्रश्न सर्वाधिक पातळीचा असेल, तर १२ हा फक्त क्षण आहे; तो मूळ सूत्रात घालून ३६ + ६ − ३ = ३९ फूट मिळाले म्हणजे उत्तर पूर्ण झाले. त्यासाठी शाब्दिक उदाहरणात पहिली ओळ नेहमी ‘काय काढायचे आहे आणि कोणत्या एककात’ ही असावी. ती लिहिताना डोके अडत असेल, तर गणित अडलेले नसते, वाचन अडलेले असते; अशा वेळी प्रश्न पुन्हा वाचावा.

महत्तम-लघुत्तमाच्या उदाहरणांत बीजगणित आणि कॅल्क्युलस एकमेकांना कसे तपासतात, हेही पाहण्यासारखे आहे. नदीकाठच्या शेताला तीन बाजूंनी कुंपण घालायचे आहे, नदीची बाजू मोकळी ठेवायची आहे आणि तार २०० मीटर आहे. जास्तीत जास्त किती क्षेत्र घेता येईल? नदीला काटकोनात असलेल्या दोन बाजू प्रत्येकी क्ष मीटर धरल्या, तर तिसरी बाजू २०० − २क्ष उरते, आणि क्षेत्रफळ क्ष(२०० − २क्ष) = २००क्ष − २क्ष². क्ष हा ० आणि १०० यांच्या दरम्यानच असू शकतो, हे इथेच लिहून ठेवावे. डेरिव्हेटिव्ह २०० − ४क्ष शून्य झाला की क्ष = ५०, समोरची बाजू १०० आणि क्षेत्र ५,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५० गुंठे. आता डेरिव्हेटिव्ह न वापरता तेच क्षेत्र पूर्ण वर्गाच्या रूपात लिहा: ५००० − २(क्ष − ५०)². वजा होणारी राशी कधीच ऋण नाही, म्हणून क्षेत्र ५,००० च्या वर जाऊच शकत नाही, आणि ते नेमके तेवढे होते क्ष = ५० ला. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की त्यावर जो विश्वास बसतो, तो पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरे पाहून बसत नाही.

आता इंटिग्रेशन, म्हणजे डेरिव्हेटिव्हवरून मूळ फंक्शन शोधण्याची उलटी क्रिया, ज्याची तुम्हाला सर्वाधिक धास्ती आहे. इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, डेरिव्हेटिव्हप्रमाणे इथे रचना वाचली की नियम मिळतोच असे नाही. गुणाकाराच्या इंटिग्रलसाठी सरसकट चालणारा नियम नाही, आणि ई चा −क्ष² घात यासारख्या साध्या दिसणाऱ्या फंक्शनचा इंटिग्रल तर आपल्या नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. असे का होते याचा पाया लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १९ व्या शतकात घातला. तेव्हा एखादा इंटिग्रल पाहताक्षणी सुचला नाही, तर तो तुमचा दोष मानू नका. परीक्षेत येणारे इंटिग्रल मात्र सुटतील असेच निवडलेले असतात, आणि त्यांत काय शोधायचे ते ठरलेले असते: आत एखादी राशी आणि बाहेर तिचाच डेरिव्हेटिव्ह, निदान एखाद्या स्थिरांकाच्या फरकाने, गुणलेला दिसतो का?

तीन सारखी दिसणारी उदाहरणे शेजारी ठेवतो. पहिले: २क्ष√(क्ष² + १). आत क्ष² + १, बाहेर तिचा डेरिव्हेटिव्ह २क्ष तयार आहे. त = क्ष² + १ धरले की २क्ष डी-क्ष च्या जागी डी-त येतो आणि उरतो फक्त √त. त्याचा इंटिग्रल (२/३)त√त, म्हणजे (२/३)(क्ष² + १)√(क्ष² + १) + स्थिरांक. दुसरे: क्ष³√(क्ष² + १). इथे २क्ष समोर नाही, पण क्ष³ मध्ये दडलेला आहे; क्ष³ = क्ष² × क्ष असे फोडले की एक क्ष डी-त साठी खर्च होतो आणि उरलेला क्ष² म्हणजे त − १. मग (१/२)(त − १)√त याचा इंटिग्रल काढायचा: (१/५)त²√त − (१/३)त√त + स्थिरांक, आणि शेवटी त च्या जागी क्ष² + १ परत घालायचा. तिसरे: नुसते √(क्ष² + १). हे तिघांत सर्वांत लहान दिसते आणि सर्वांत अवघड आहे, कारण बाहेर क्ष नाहीच. त = क्ष² + १ धरून पुढे गेलात, तर डी-क्ष च्या बदल्यात डी-त भागिले २क्ष येतो आणि तो क्ष काढण्यासाठी पुन्हा वर्गमूळ घ्यावे लागते. त्याला वेगळी, त्रिकोणमितीची वाट किंवा तयार सूत्र लागते: (क्ष/२)√(क्ष² + १) + (१/२) लॉग(क्ष + √(क्ष² + १)) + स्थिरांक. ही तिन्ही उदाहरणे एकाच दिवशी, एकापाठोपाठ सोडवा. एकाच प्रकारची वीस उदाहरणे सोडवण्यापेक्षा जवळजवळ सारखी दिसणारी तीन उदाहरणे वेगळी का आहेत हे ओळखल्याने निवड अधिक पक्की होते, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

सब्स्टिट्यूशन करताना, म्हणजे वरच्यासारखा नवा चल धरताना, एक शिस्त सोडू नये: नव्या ओळीत जुन्या चलाचा मागमूस उरता कामा नये. त आणि क्ष एकाच इंटिग्रलमध्ये शेजारी दिसले, म्हणजे काम अर्धवट आहे. याच शिस्तीचा दुसरा भाग सीमांचा. पहिल्याच उदाहरणाचा ० ते २ असा निश्चित इंटिग्रल काढायचा असेल, तर क्ष = ० ला त = १ आणि क्ष = २ ला त = ५, म्हणून नव्या सीमा १ आणि ५, आणि उत्तर (२/३)(५√५ − १). सीमा ० आणि २ तशाच ठेवून त मध्ये किंमती घालणे ही चूक पदवीच्या वर्गातही दरवर्षी होते.

गुणाकाराचे दोन्ही भाग एकमेकांशी असे जोडलेले नसतील, जसे क्ष × साइन क्ष, तर भागशः इंटिग्रेशन. कोणता भाग पहिला घ्यायचा यासाठी ‘लिएट’ (लॉग, व्यस्त त्रिकोणमितीय, बैजिक, त्रिकोणमितीय, घातांकी) हा क्रम तुम्ही पाठ केला असेल. तो उपयोगी आहे, पण त्यामागचे कारण अधिक उपयोगी आहे. ज्याचा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर तो सोपा होतो तो पहिला. क्ष चा डेरिव्हेटिव्ह १ होतो, म्हणून क्ष पहिला, आणि उत्तर −क्ष कॉस क्ष + साइन क्ष + स्थिरांक. उलट निवड केली, तर क्ष चा क्ष²/२ होतो आणि गणित पहिल्यापेक्षा वाढते. वाढताना दिसले की थांबून निवड बदलावी. नुसत्या लॉग क्ष चा इंटिग्रल काढतानाही हेच कारण वाट दाखवते: दुसरा भाग १ मानला की क्ष लॉग क्ष − क्ष + स्थिरांक मिळतो.

इंटिग्रेशनचा एक मोठा दिलासा असा की, उत्तर स्वतःच तपासता येते: त्याचा डेरिव्हेटिव्ह घ्या आणि मूळ राशी येते का ते पाहा. ही तपासणी आणखी एका कारणासाठी हवी. २ साइन क्ष कॉस क्ष याचा इंटिग्रल कोणी साइन²क्ष लिहील, कोणी −कॉस²क्ष, आणि ॲप कदाचित −(१/२) कॉस २क्ष दाखवेल. तिन्ही बरोबर आहेत. ती एकमेकांपासून फक्त स्थिरांकाने वेगळी आहेत, कारण साइन²क्ष आणि कॉस²क्ष यांची बेरीज १ असते. पुस्तकातील उत्तराशी आपले उत्तर जुळत नाही म्हणून बरोबर काम खोडून टाकणारे विद्यार्थी पाहिले की मला वाईट वाटते. आधी दोन्ही उत्तरांचे डेरिव्हेटिव्ह घ्या, मग ठरवा.

ॲप सोडा असे मी म्हणणार नाही, कारण पाळी संपवून रात्री दहाला बसणाऱ्याला त्या वेळी विचारायला दुसरे कोणी नसते. मात्र ते वापरण्याची रीत बदला. पडद्यावरची पहिली पायरी उघडण्याआधी तुमची पहिली ओळ आणि तिचे कारण वहीत लिहा, मग फक्त एकच पायरी उघडा आणि जुळवा. जुळली नाही, तर तुमची ओळ चुकीची आहे की फक्त वेगळी, हे संख्या घालून किंवा डेरिव्हेटिव्ह घेऊन ठरवा. वर्गातल्या सोडवलेल्या उदाहरणांनाही हीच रीत लावता येते: उत्तर हाताने झाकायचे, एक ओळ स्वतः लिहायची आणि मग एक ओळ उघडायची.

सूत्रांबद्दल विचारलेत, म्हणून सांगतो: मूलभूत डेरिव्हेटिव्ह आणि त्यांचेच उलटे इंटिग्रल, त्रिकोणमितीतील साइन, कॉस यांची बेरजेची आणि दुप्पट कोनाची सूत्रे, घातांक आणि लॉगचे नियम, इतके तोंडपाठ हवेच, त्यावर सूट नाही. बाकीची लांबलचक यादी उदाहरणांत गरज पडेल तशी बसते. क्रम विचारलात, तर वरच्या तीन छोट्या प्रश्नांत अडखळला नसाल तर डेरिव्हेटिव्हपासून सुरू करा आणि बीजगणित वाटेत दुरुस्त करा. अडखळला असाल तर आधी अपूर्णांक, अवयव आणि पूर्ण वर्ग यांना दोन-तीन आठवडे द्या, मग डेरिव्हेटिव्ह, आणि डेरिव्हेटिव्ह हात न थांबता येऊ लागल्यावरच इंटिग्रेशन. सरळ इंटिग्रेशनला हात घालू नका, कारण तिथे जे शोधायचे असते ती आतली राशी आणि तिचा डेरिव्हेटिव्ह, आणि तो पाहताक्षणी ओळखता येत नसेल तर शोधणार काय?

आजच करण्यासाठी एक उदाहरण देतो: क्ष⁵√(क्ष³ + १) याचा इंटिग्रल काढा. वरच्या तीन उदाहरणांपैकी ते कोणत्या उदाहरणाचे भावंड आहे, हे आधी एका वाक्यात लिहा, मगच त ची निवड करा. तुमचे उत्तर (२/१५)त²√त − (२/९)त√त + स्थिरांक असे येते का ते पाहा, आणि आले तरी त च्या जागी क्ष³ + १ घालून डेरिव्हेटिव्ह घ्यायला विसरू नका. अडलात तर अडलेली ओळ आणि तिच्या आधीची ओळ, दोन्ही लिहून पाठवा. नुसत्या शेवटच्या उत्तरावरून कुठे अडले हे मला सांगता येणार नाही.